ओळंब्याला बांधलेली बाटली

चर्चच्या चाव्यांचा जुडगा जिच्या कमरेला, ती चावीमावशी. बाप्तिस्म्यात मिळालेलं नाव तिला होतं, पण ते फक्त दवाखान्यात केसपेपर काढताना लागायचं. एरवी फादरपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांची ती चावीमावशीच. तिचा नवरा शिंपी होता. वेदीवरच्या कापडांना कडा तोच शिवून द्यायचा. तो रागावला की नुसतं ‘चावी’ म्हणायचा आणि लाडात आला तरी ‘चावी’च म्हणायचा. दोन्हींतलं कोणतं, ते तिला आवाजावरून ओळखावं लागे.

सकाळी मोठं दार उघडायचं तर किल्ली फिरवून वर खांदा लावावा लागायचा, कारण लाकूड फुगलेलं होतं. मग बाकांवरची धूळ, फरशीवर सांडलेलं मेण जुन्या सुरीने खरवडणं, दाराजवळच्या दगडी पात्रात पवित्र पाणी आहे ना ते बघणं, आणि झरोक्यातून आत शिरलेल्या कबुतरांना “झाली तुमची मिस्सा, झाली उपासना, निघा आता” म्हणून हाकलणं. नेमणूक एवढ्यासाठीच होती. पण लोक चर्च बघायला यायचे, माना वर करून उभे राहायचे, आणि फादर कधी आजाऱ्याकडे तर कधी शाळेत. मग झाडू हातात धरूनच मावशी सुरू व्हायची.

“हे खांब बघा. एका दगडातून कोरल्यासारखे वाटतात की नाही? नाहीयेत. तीन तुकडे आहेत. सांधा शोधा बघू! अहो, मला स्वतःला इथे झाडायला लागल्यावर वर्षभराने सापडला.” लोक खांबावरून बोटं फिरवत बसायचे. “आता वर बघा. छताला एक लाकूड नाही, एक सळई नाही. सगळे दगड एकमेकांवर रेलून राहिलेत. आमच्या घरच्यासारखे. एकाने म्हटलं मी जातो, की सगळेच खाली.”

हे सगळं खरं होतं. खांब, कमानी, वेदीमागची उंच खिडकी, तिच्यातून दुपारी फरशीवर पडणारा निळा तुकडा, यातलं काहीच मावशीने वाढवून सांगितलं नव्हतं. वाढवून सांगितली ती बाहेरची गोष्ट.

बाहेर दर्शनी भिंतीच्या दोन अंगांना दोन मनोरे. डावा चांगला उंच, घंटा त्यातच. उजवा मात्र छपराच्या कण्याइतका येऊन थांबलेला, उभं राहता राहता कुणीतरी परत खाली बसावं तसा. सगळे त्याला बुटका मनोरा म्हणत. आणि आलेला प्रत्येक माणूस विचारी, “हा असा का हो?”

मावशी लग्न होऊन या चर्चच्या धर्मग्रामात आली तेव्हा तिनेही हे विचारलं होतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. चर्च बांधणाऱ्यांनी ना नकाशे मागे ठेवले होते, ना आठवणी. मग एकदा एका शाळेची सहल आली. पोरं जांभया देत होती, एक तर खांबाला टेकून चक्क झोपला होता. त्यांच्या बाईंनी विचारलं, “हा मनोरा बुटका का?” मावशीला त्या पोरांच्या जांभया सहन होईनात. ती म्हणाली, “गवंडी दारुडा होता ना! भिंत सरळ आहे की नाही बघायला दोरीला शिशाचा गोळा बांधून सोडतात, तो ओळंबा. हा गोळ्याच्या जागी बाटली बांधायचा! भिंतीची रेघ बघता बघता एक घोट, रेघ बघता बघता एक घोट. एक दिवस फादर खालून ओरडले, उतर मेल्या खाली! तो उतरला, तो परत चढलाच नाही.”

पोरं खो खो हसली. झोपलेला उठला. मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढे गोष्टीला हातपाय फुटले. मावशी गवंड्याचं झोकांड्या खाणं करून दाखवायची, उचकी लावायची, काल्पनिक बाटली एका डोळ्याने न्याहाळायची. ती बुटक्या मनोऱ्यापाशी आली की ऐकणारे अगोदरच हसायला लागत. काही वर्षांनी गावातली माणसंच आपल्या पाहुण्यांना सांगू लागली, “ऐकलंय का, आमच्या चर्चच्या गवंड्याचं?” आणि मग, मावशीची लेक रांगत होती त्या सुमाराला, त्या वेळचे म्हातारे फादर दारूच्या व्यसनावर प्रवचन द्यायला उभे राहिले. म्हणाले, “दूर कशाला जायचं? दाराबाहेर जाऊन वर बघा. देवाचं घर अर्धं राहिलं, एका माणसाने ओळंब्याला बाटली बांधली म्हणून.” सगळं चर्च हसून हललं. मागच्या बाकावर लेकीला मांडीवर घेऊन बसलेल्या मावशीने नवऱ्याला कोपर मारलं. तिची गोष्ट प्रवचनपीठावर चढली होती. शिंपी कानात पुटपुटला, “चावी, हे खरं नाही ना गं?” ती म्हणाली, “गप बसा हो, चांगल्यासाठीच सांगतायत.”

त्या रविवारनंतर चर्चला यायचं कुणी बंद केलं हे तिने पाहिलं नाही. एवढ्या माणसांत एक माणूस कमी झाला तर चाव्या सांभाळणारीला तरी कसं कळावं?

लेक मोठी झाली, नर्स झाली, आणि तिचं लग्न जमलं ते गवंड्यांच्या घरात. जावई रंगकाम करायचा. त्याचे वडील जुने गवंडी, हात असा की त्यांनी लावलेल्या दगडी पायरीवर पेला ठेवला तर पाणी हलू नये. लोक त्यांना गवंडीदादा म्हणत. अबोल माणूस, पण सोयरीक चांगली होती. फक्त लग्नाच्या दिवशी एक झालं. सगळी वरात चर्चमध्ये शिरली आणि वराचा बाप बाहेर आवारात झाडाखाली उभा राहिला. “गुडघा दुखतोय, पायऱ्या चढवत नाहीत,” असा निरोप आला. पायऱ्या होत्या चार. आणि तोच माणूस आदल्या आठवड्यात शिडीवर चढून लग्नघराची कौलं शाकारत होता, हे मावशीने डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिने ते मनात धरलं. “आपण झाडूवाली माणसं ना,” ती शिंप्याला म्हणायची. “आपल्या मांडीला मांडी लावून बसायची लाज वाटली त्यांना.” शिंपी दोरा ओवत म्हणायचा, “असेल गुडघा.” “गुडघा! जीभ पण दुखत होती वाटतं? दिवसभरात माझ्याशी दोन शब्द बोलले नाहीत.”

मग लेकीला मुलगी झाली. बाप्तिस्म्याचा रविवार ठरला तशी लेक आईकडे आली, बाळाला कुशीत घेऊन बसली आणि म्हणाली, “आई, या वेळी तिकडचे बाबा चर्चमध्ये आत आले पाहिजेत. मी विचारलं, ह्यांनी विचारलं, नुसती मान हलवतात. तू विहीण आहेस. तू जाऊन हक्काने सांग.”

मावशी पदर खोचून गेलीच. गवंडीदादा अंगणात बसून थापीला चिकटलेला वाळका माल खरवडत होते. निवृत्त झाले तरी हत्यारं रोज साफ करायची सवय सुटली नव्हती.

“व्याहीबुवा,” मावशीने उभ्या उभ्याच सुरू केलं, “आम्ही गरीब असू, पण लेक तुमच्या घरात दिलीये. नात काही फक्त आमची नाही. चार पायऱ्या चढायला लाज वाटत असेल तर तसं सांगा, पालखी पाठवते.”

गवंडीदादांनी थापी खाली ठेवली. “बसा, विहीणबाई. लाज तुमची नाही. माझी आहे.”

“तुमची कसली लाज?”

“तो बुटका मनोरा आहे ना,” ते म्हणाले, “तो माझ्या आजाने बांधला. दोन्ही त्यानेच बांधले. लहानपणी मी मोठ्या तोऱ्यात शाळेतल्या पोरांना सांगायचो. मग फादरांनी प्रवचनात सांगितलं की तो दारुडा होता. ओळंब्याला बाटली बांधायचा.” त्यांनी हे अगदी सपाट आवाजात सांगितलं, माल किती लागेल ते सांगावं तसं. “सगळं चर्च हसत होतं. मी तिसऱ्या बाकावर होतो. तेव्हापासून सगळं गाव सांगतं, तुम्हीही पाहुण्यांना सांगता. आता तुम्हीच सांगा, त्या दारातून वर मान करून कसं जायचं? डागडुजीचं काम दोनदा चालून आलं, तेसुद्धा घेतलं नाही. म्हटलं, एकाने घाण केली ती पुरे.”

मावशी मांडी घालून बसली होती, ती तशीच राहिली. तिचेच शब्द. बाटली, ओळंबा, एक घोट, एक घोट. लेक रांगत असल्यापासून हा माणूस ते घेऊन बसला होता. ‘अहो, ते मी...’ इथपर्यंत तोंडाशी आलं. तेवढ्यात आतून लेक चहा घेऊन आली, सासऱ्याच्या हातात कप देताना म्हणाली, “बाबा, गरम आहे हं,” आणि मावशीचं तोंड मिटलं. या घरात लेकीला राहायचं होतं. आज बोललं तर उद्या हिच्याकडे कुठल्या नजरेने बघतील?

“काय म्हणाले?” फाटकापाशी लेकीने हळूच विचारलं.

“बघू,” मावशी म्हणाली, आणि घरी जाईपर्यंत तिला आपली चप्पलसुद्धा मोठ्याने वाजल्यासारखी वाटली.

शिंप्याला तिने सांगितलं. त्याने शिवणयंत्रावरचा पाय थांबवला. मग म्हणाला, “मी तेव्हाच विचारलं होतं.” एवढंच म्हणाला. यापेक्षा त्याने कात्री फेकून मारली असती तर मावशीला बरं वाटलं असतं.

त्या दिवसांत चर्चच्या भिंतीला पडलेली चीर तपासायला एक इंजिनिअर बाई येत होती. तरुण पोर, डोक्याला पिवळं हेल्मेट, तोंडात सारखी बडीशेप. चीर नेमकी बुटका मनोरा जिथे मुख्य भिंतीला भिडतो तिथेच होती. तिने मनोऱ्याच्या बुडाशी खड्डा खणायला लावला. पाया कशावर बसलाय ते बघायचं होतं. मजूर माणूसभर खोल गेले तशी ती शिडीने उतरली आणि खालूनच ओरडली, “मावशी, या इकडे! मजा बघा!”

मावशी काठावर आली. एरवी मजा म्हटलं की ती पळत आली असती.

“डावा मनोरा कातळावर आहे,” बाई सांगू लागली. “इथे कातळ नाहीच. काळी, मऊ माती आहे. पूर्वी इथून ओढा जात असणार. आता हे थर बघा. खालचा सगळ्यात रुंद, त्यावरचा वीतभर आत, मग अजून आत. पायऱ्या-पायऱ्यांचा पाया. ओझं पसरावं म्हणून. ज्याने बांधलं त्याला माती बघूनच कळलं होतं. पाया जितका रुंद करता येईल तितका केला, आणि तेवढ्या पायाला झेपेल तितकाच मनोरा चढवून थांबला. डाव्याइतका वर नेला असता ना, तर तो कलला असता आणि जाताना अख्खी दर्शनी भिंत घेऊन गेला असता.”

“म्हणजे... मुद्दाम थांबवला?”

“मुद्दामच. वरचा शेवटचा थर बघितलाय का तुम्ही? दगड उतरते घडवलेत, पाणी बाहेर पडावं म्हणून. अर्धं काम टाकून पळणारा माणूस शेवटच्या दगडाला उतार देत बसत नाही.”

ते उतरते दगड मावशीने पाहिले होते. जिन्याने वर जाऊन ती दर महिन्याला त्यांच्यावरची कबुतरांची घाण धुवायची. पाणी ओतलं की ते सरळ बाहेर ओघळून जायचं, आणि तिला बरं वाटायचं, पुसावं लागत नाही म्हणून. त्याच दगडांवर बादली टेकवून ती खाली यायची आणि पाहुण्यांसमोर झोकांड्या खायची.

आता एक वाट दिसली. दुसऱ्याच दिवशी ती व्याह्यांकडे गेली आणि सगळं सांगितलं. काळी माती, रुंद थर, उतरते दगड. “इंजिनिअर बाई सांगते हं, मी नाही. तुमचे आजोबा शहाणे होते. तेव्हा आता रविवारी यायचं.”

गवंडीदादांनी ऐकून घेतलं. “बरं बोललात,” ते म्हणाले. “सोयरीक म्हणून बोललात, कळलं मला. पण मग ती बाटली कुठून आली? कुणी बघितल्याशिवाय असं बारीकसारीक सांगेल का? आणि फादर काय वेदीसमोर उभे राहून खोटं बोलतील?”

मावशीने चहाच्या कपात बघितलं.

घरी शिंप्याने विचारलं, “सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“खड्ड्याचं.”

“मजुरांनी खणलेल्या की तू खणलेल्या?”

ती जेवली नाही. लेकीचं काय होईल, असं ती त्याला म्हणाली. शिंपी म्हणाला, “लेकीला पुढे करू नकोस. ती लहान होती तेव्हाही तूच बोललीस, आताही तूच गप्प आहेस.”

शुक्रवारी दुपारी मजूर जेवायला गेले होते. मावशी मोठ्या दाराच्या पायरीवर समया पुसत होती, तर खड्ड्यातून वर आलेलं शिडीचं टोक हलताना दिसलं. तिला वाटलं कुणाचं पोर उतरलं. धावत गेली. खाली गवंडीदादा होते. चपला काठावर नीट जोडीने काढून ठेवलेल्या. ते पायाच्या दगडांसमोर गुडघ्यांवर बसून सांध्यांतून अंगठा फिरवत होते, खालपासून वर, मग पुढच्या सांध्यातून.

त्यांनी वर न बघताच ओळखलं. चाव्या वाजल्या असतील. “विहीणबाई, हे मातीत गाडलं जायचं होतं. कुणी बघणार नव्हतं. आणि माणसाने काय सांधा बसवलाय! नख जात नाही. नशेतला हात असा चालत नाही हो. मी दारुडे गवंडी हाताखाली ठेवलेत, मला माहीत आहे.”

मावशीने कमरेच्या चाव्या मुठीत धरल्या.

“म्हणजे माझा बाप खरं सांगत होता,” ते दगडालाच सांगितल्यासारखं म्हणाले. “त्या रविवारी घरी येऊन मी त्याच्यावर ओरडलो. तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही, तुमचा बाप कसा होता ते? तो म्हणाला, माझ्या बापाने आयुष्यात दारूला हात लावला नाही. आजाचा ओळंबा त्याने पेटीतून काढला, पितळेचा, आणि माझ्यासमोर धरून शपथ घेतली. मी म्हणालो, फादर खोटे आणि तुम्ही खरे? मग आमचं बोलणं तुटलं. एका घरात राहून. तो गेला तेव्हासुद्धा धड बोलत नव्हतो. आई मध्ये निरोप्यासारखी. त्याला विचार जेवला का, त्याला सांग दिवा मालव.” त्यांनी हात पँटला पुसला. “मी बापाचं ऐकलं नाही.”

आता गप्प राहणं म्हणजे ते सगळं पुन्हा एकदा करणं होतं. मावशी काठावर खाली बसली. पाय खड्ड्यात सोडले नाहीत. तेवढीही ऐसपैस बसायची तिची हिंमत होईना.

“व्याही, ती बाटली मी बांधली.”

ते उठून वळले.

“ती गोष्ट माझी. मी रचली. कुणी बघितलं नव्हतं, कुणी मला सांगितलं नव्हतं. मनोरा बुटका का ते कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मी पाहुण्यांना सांगायची, गावाने उचललं, फादरांनी गावाकडून उचललं. त्यांनी प्रवचनात सांगितलं तेव्हा मी मागे बसले होते. मला ठाऊक होतं खोटं आहे. मी गप्प बसले. परवा तुमच्याकडे आले तेव्हाही गप्प बसले.”

खाली उभ्या माणसाचा चेहरा वरून नीट दिसत नाही. फक्त विरळ केस, आणि मातीने भरलेला अंगठा.

“का?” त्यांनी विचारलं.

मावशीने किती शोधलं, तरी मोठं कारण सापडेना. “शाळेची सहल आली होती,” ती म्हणाली. “पोरं जांभया देत होती.”

त्यांनी अंगठ्याची माती झटकली. मग म्हणाले, “शिडी धरा.”

तिने दोन्ही हातांनी शिडी धरली. ते वर आले, तिच्या अगदी जवळून, चुन्याचा आणि ओल्या मातीचा वास येत होता, पण तिच्याकडे पाहिलं नाही. चपला घातल्या. चार पावलं गेल्यावर थांबले. “जिथून सांगितलं गेलं, तिथूनच सांगा,” ते म्हणाले. “मी दाराशी उभा राहीन. आत येईन की नाही, ते तेव्हा बघू.”

हल्लीचे फादर तरुण होते आणि मनाने फार मऊ. मावशीने सगळं सांगितल्यावर ते तिच्यापेक्षा जास्त कावरेबावरे झाले. “मावशी, तुम्ही कशाला उभं राहायचं? मी सूचना देतो ना. म्हणू, आपल्या मनोऱ्याबद्दल एक जुनी परंपरा होती, ती आता चुकीची ठरली आहे.”

“फादर,” मावशी म्हणाली, “परंपरा म्हणजे मीच.”

रविवारी मिस्सा झाली, बाप्तिस्म्याआधी फादरांनी तिला पुढे बोलावलं. ती त्या फरशीवरून आयुष्यभर गेली होती, पण झाडू हातात असायचा. आज हात कुठे ठेवावेत ते कळेना. चाव्या मात्र कमरेला होत्या, त्या पावलागणिक वाजत होत्या. पहिल्या बाकावर लेक बाळाला घेऊन बसली होती, शेजारी जावई, त्याची आई, आणि मग एक मोकळी जागा. मोठ्या दारात, उंबऱ्याच्या बाहेर, उन्हाला पाठ करून एक माणूस उभा होता.

“आपल्या बुटक्या मनोऱ्याची गोष्ट,” मावशीने सुरुवात केली, “तो गवंडी, ओळंब्याला बाटली...”

आणि चर्च हसलं. कुणी वाईट मनाने हसलं नाही. लोकांना वाटलं, आज नातीचा बाप्तिस्मा, मावशी खुशीत आहे, आपली गोष्ट करून दाखवणार. मधल्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, “मावशी, उचकी लावा ना!” अजून हसले. पोरं पुढे सरकून बसली. मावशीने दाराकडे पाहिलं. तो माणूस हललासुद्धा नव्हता. तिसऱ्या बाकावर बसून त्याने एकदा हे ऐकलं होतं. आता दारात उभा राहून पुन्हा ऐकत होता, आणि हे हसूही तिनेच वर्षानुवर्षं शिकवून तयार केलेलं.

ती नुसती उभी राहिली. हसू बाकाबाकाने ओसरलं, कुणीतरी खोकलं.

“हसू नका,” ती म्हणाली. “ही गोष्ट खोटी आहे. मी रचली होती. ज्याने तो मनोरा बांधला तो दारू पीत नव्हता. खाली माती मऊ होती म्हणून त्याने काम थांबवलं. थांबवलं म्हणून आज आपल्या डोक्यावर छत आहे. त्याच्या घरची माणसं आपल्यात बसत होती आणि मी त्यांच्यासमोर त्याची थट्टा करत होते. या जागेवरून ते सांगितलं गेलं तेव्हा मी मागे बसून खूश झाले होते. त्याच्या मुलाने शपथ घेऊन सांगितलं, तरी कुणी ऐकलं नाही. तो तसाच गेला. त्याची माफी मागायला आता मला जागा नाही.”

पहिल्या बाकावर लेकीने मान वर केली होती. ती आईकडे बघत होती, ओळखीच्या चेहऱ्यात काहीतरी शोधावं तशी. मग तिने बाळाच्या टोपीची नाडी सोडली आणि परत बांधली. मावशीला आपलं बोलणं संपलं की नाही ते उमगेना. शेवटी ती नुसतीच बाजूला झाली. शिंपी मागच्या बाकावर बसला होता, त्याने डोळे पुसले, पण तो तसाही धुपाच्या धुराने पुसायचा.

दारातल्या माणसाने उंबरा ओलांडला. मधल्या वाटेने तो सावकाश पुढे आला. दोन्ही बाजूंच्या माना वळल्या आणि मग खाली गेल्या. मावशीच्या जवळून जाताना त्याची नजर समोर वेदीवर होती. तो पहिल्या बाकावरच्या मोकळ्या जागेत बसला. सुनेने उठून बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं.

बाप्तिस्म्याचं पाणी आणणं हे मावशीचं काम. ती वेदीमागून कोमट पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि फादर प्रार्थना म्हणत होते तोवर बाकाच्या कडेला थांबली. गवंडीदादांच्या इतक्या शेजारी की त्यांचा श्वास ऐकू येत होता. ते बाळाकडे बघत नव्हते. डाव्या भिंतीकडे बघत होते. खालचा गिलावा फुगला होता, जागोजागी पांढरी बुरशी आली होती.

“विहीणबाई,” ते ओठ न हलवता म्हणाले.

मावशी तांब्या सावरून खाली वाकली.

“त्या भिंतीला सिमेंट कुणी थापलं? जुन्या चुन्याच्या भिंतीला? आतल्या आत ओल कोंडून कुजत चाललीये ती.”

फादरांनी पाण्यासाठी हात पुढे केला. मावशीने तांब्या दिला.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “विचारून सांगते.”

गवंडीदादांनी मान हलवली, बाळाच्या डोक्याखाली हात घेतला आणि पाण्यासाठी पुढे झाले.